जेलन हर्ट्स: बाकावरचे वर्ष आणि त्यानंतरची बदली

ह्यूस्टनकर (धागाकर्ता)

ह्यूस्टनच्या पूर्वेला जहाजांच्या कालव्याकाठी चॅनलव्ह्यू नावाची वस्ती आहे. तेलशुद्धीकरणाचे कारखाने, टाक्यांच्या रांगा, पहाटेपासून ट्रकची वर्दळ. माझा कामावर जाण्याचा रस्ता तिच्याच बाजूने जातो. तेथील शाळेत एव्हेरियन हर्ट्स अमेरिकी फुटबॉलचे प्रशिक्षक होते आणि त्यांचा मुलगा जेलन त्यांच्याच हाताखाली क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या आक्रमणाचा सूत्रधार, म्हणून तयार झाला. पुढे तो अलाबामा विद्यापीठात गेला, दोन वर्षे पहिल्या पसंतीचा खेळाडू राहिला, तिसरे वर्ष त्याने बाकावर काढले आणि चौथ्या वर्षी तो ओक्लाहोमाकडून खेळला. डिसेंबर उजाडला की कॉलेज फुटबॉलमध्ये कोण कोठून कोठे चालला याची चर्चा सुरू होते आणि आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीतही तीच चालते. त्या चर्चेत हर्ट्सचे उदाहरण हमखास येते, पण बहुतेक वेळा अर्धेच सांगितले जाते, म्हणून हा धागा.

आपल्याकडे बदली म्हटली की वरून आलेला कागद, बिऱ्हाडाची आवराआवर आणि मुलांच्या शाळेची चिंता डोळ्यांसमोर येते. येथे बदली खेळाडू स्वतः मागतो आणि ती बहुधा एकाच कारणासाठी मागतो: क्वार्टरबॅकची जागा एकच असते आणि ती दुसऱ्याला मिळालेली असते.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये मोसमाच्या पहिल्या सामन्यात अलाबामाने ब्लेक बार्नेटला उतरवले होते. त्याच सामन्यात अठरा वर्षांच्या हर्ट्सला संधी मिळाली आणि पुढच्या सामन्यापासून जागा त्याची झाली. १९८४ नंतर पहिल्याच वर्षी शिकणाऱ्या मुलाला अलाबामाने ही जागा दिल्याचे ते पहिले उदाहरण होते. बार्नेट महिनाभरातच विद्यापीठ सोडून गेला. त्याचे नाव लक्षात ठेवावे. हर्ट्सच्या संघाने ओळीने चौदा सामने जिंकले आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत क्लेम्सनविरुद्ध ३१–३५ अशी हार पत्करली. त्या लढतीत दोन मिनिटे सात सेकंद उरले असताना हर्ट्सने तीस यार्ड धावत जाऊन संघाला आघाडी मिळवून दिली होती आणि एक सेकंद उरला असताना क्लेम्सनने ती हिरावून घेतली.

पुढचे वर्षही त्याचेच होते. २०१७ च्या संपूर्ण मोसमात त्याचा एकच पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडला. मग ८ जानेवारी २०१८ चा दिवस आला. अटलांटा येथे जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम लढतीत मध्यंतराला अलाबामा ०–१३ असा मागे होता आणि हर्ट्सने आठपैकी तीन पास पूर्ण करून अवघे २१ यार्ड मिळवले होते. प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतरानंतर हवाईहून आलेल्या, पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवायलोआला उतरवले. सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला, टुआ आधी सोळा यार्ड मागे ढकलला गेला आणि पुढच्याच चालीत त्याने डेव्होंटा स्मिथकडे ४१ यार्डांचा पास फेकून विजेतेपद जिंकून दिले. त्या क्षणाची चित्रफीत पाहताना सगळे टुआकडे आणि स्मिथकडे पाहतात. मी बाजूच्या रेषेकडे पाहतो. तेथे शिरस्त्राण काढून उभा असलेला हर्ट्स त्याच्या जागी खेळणाऱ्या मुलाचे अभिनंदन करण्यासाठी आघाडीवर होता.

त्यानंतरच्या वसंतात वडिलांनी एका पत्रकाराला सांगितले की जेलनने विद्यापीठ सोडले तर कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातील तो सर्वांत मोठा मोकळा, म्हणजे हव्या त्या संघात जायला खुला, खेळाडू ठरेल. ऑगस्टमध्ये हर्ट्सने स्वतः जाहीरपणे नाराजी सांगितली: एवढ्या महिन्यांत प्रशिक्षकांसह कोणीही त्याला काय वाटते, हे विचारले नव्हते. तेव्हा तो अगदी शांतपणे, हूं की चूं न करता बसून राहिला, ही जी दंतकथा सांगितली जाते ती खरी नाही. तो बोलला आणि तरीही थांबला.

थांबण्याची किंमतही त्याला नेमकी ठाऊक होती. कॉलेजच्या खेळाडूला त्या काळी पाच वर्षांत चार मोसम खेळता येत. २०१८ मध्येच नवा नियम आला होता की चारपर्यंत सामने खेळून थांबणाऱ्याचा तो मोसम खर्ची पडत नाही. त्याच सप्टेंबरात क्लेम्सनच्या केली ब्रायंटने चार सामन्यांनंतर जागा गमावताच या नियमाचा आधार घेऊन विद्यापीठ सोडले. हर्ट्स त्याच आठवड्यात पाचव्या सामन्यात उतरला. याचा अर्थ पुढे कोठेही गेला तरी त्याच्या हाती दोनऐवजी एकच मोसम उरला. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्यातील किती जणांना हा हिशेब उमगला असेल, कोणास ठाऊक.

१ डिसेंबर २०१८. पुन्हा अटलांटा, तेच मैदान, पुन्हा जॉर्जिया. चौथ्या सत्रात टुआच्या घोट्याला दुखापत झाली तेव्हा अलाबामा २१–२८ असा मागे होता. हर्ट्स आला, त्याने एक टचडाउन पास (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात झेलला जाऊन गुण मिळवून देणारा पास) फेकला आणि एक मिनिट चार सेकंद उरले असताना स्वतः पंधरा यार्ड धावून सामना ३५–२८ असा जिंकून दिला. सेबन हे भावना दाखवणारे गृहस्थ नव्हेत, पण त्या दिवशी बोलताना त्यांचा गळा दाटून आला. त्याच महिन्यात हर्ट्सने पदवी घेतली आणि जानेवारीत ओक्लाहोमाला जाण्याचे जाहीर केले.

मला म्हणायचे आहे ते इतकेच: त्याची बदली यशस्वी झाली याचे श्रेय बदलीइतकेच तिच्या आधीच्या त्या एका वर्षाला आहे, आणि आजच्या नियमांत ते वर्ष कोणी काढणार नाही.

---

रानवाट

लेख आवडला. मी कोल्हापूरची, आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, त्यामुळे एक बाळबोध प्रश्न विचारते. संघात इतके खेळाडू असतात, तर दोन चांगल्या क्वार्टरबॅकना आलटून पालटून का खेळवत नाहीत? आणि २१ यार्ड म्हणजे वाईट, हे कशावरून ठरवायचे?

---

ह्यूस्टनकर

रानवाट, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते, जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक चालीत चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि तो स्वतः धावायचे, दुसऱ्याला द्यायचा की लांब फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरवतो. त्याआधी तो प्रशिक्षकाकडून आलेली चाल सहकाऱ्यांना सांगतो, समोरची मांडणी पाहून ऐनवेळी ती बदलतो. त्याचा आवाज, त्याची फेकण्याची लय, झेलणाऱ्यांशी असलेला त्याचा अंदाज यांवर बाकी दहा जण चालतात. नाटकात दोन सूत्रधार आलटून पालटून येऊ लागले तर जे होईल तेच येथे होते. चांगला क्वार्टरबॅक एका सामन्यात सहज दोनशे-अडीचशे यार्ड फेकतो. अर्ध्या सामन्यात २१ म्हणजे फारच थोडे.

---

तर्कट

लेखन उत्तम, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. हर्ट्स पुढे यशस्वी झाला म्हणून त्याचे थांबणे आपल्याला शहाणपणाचे वाटते. डिसेंबरच्या त्या सामन्यात टुआचा घोटा दुखावला नसता, तर हर्ट्सचे ते वर्ष फुकट गेले असते आणि आज कोणी त्यावर धागा काढला नसता. जी मुले थांबली, ज्यांना संधी मिळालीच नाही आणि जी विसरली गेली, त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला सांगता येतील का?

दुसरे असे की निष्ठेची अपेक्षा नेहमी विद्यार्थ्याकडूनच का? हर्ट्सला ओक्लाहोमात घेणारे प्रशिक्षक लिंकन रायली २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नियमित मोसम संपताच दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे निघून गेले. त्यांना कोणी वर्षभर बाकावर बसवले नाही. त्यांच्यामागोमाग केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक जिंकला. सेबन यांनी हर्ट्सला विमा म्हणून ठेवले होते, विमा कामी आला, म्हणून गळा दाटून आला. माझ्या दृष्टीने यात उदात्त काही नाही.

---

अश्विनी_डॅलस

२०१६ चा तो पहिला सामना आमच्या आर्लिंग्टनच्या मैदानावर होता आणि मी प्रेक्षकांत होते. हर्ट्स आत आला आणि पहिल्याच चालीत त्याच्या हातून चेंडू निसटून जमिनीवर पडला. माझ्या शेजारचे अलाबामाचे जुने विद्यार्थी असलेले आजोबा टोपी डोळ्यांवर ओढून बसले. तासाभराने तेच आजोबा उभे राहून ओरडत होते. सामना ५२–६ असा सुटला.

तर्कट यांचा मुद्दा पुढे नेण्यासाठी १ डिसेंबर २०१८ च्याच सामन्यातील एक चाल सांगते, कारण धागाकर्त्यांनी ती वगळली आहे. २८–२८ अशी बरोबरी होती, साधारण तीन मिनिटे उरली होती, जॉर्जियाचा चौथा प्रयत्न होता आणि त्यांना अकरा यार्ड हवे होते. अशा वेळी चेंडू पायाने दूर मारून देणे हा सर्वमान्य मार्ग. जॉर्जियाने तसा आव आणला आणि चेंडू पहिल्या वर्षाच्या एका राखीव क्वार्टरबॅकच्या हाती देऊन त्याला पळवले. तो अडवला गेला. त्याने सोडलेल्या जागेवरूनच हर्ट्सने विजयी आक्रमण सुरू केले. तो राखीव मुलगा म्हणजे जस्टिन फील्ड्स.

आता साखळी पाहा. फील्ड्सला जॉर्जियात जेक फ्रॉममुळे जागा मिळत नव्हती, म्हणून तो महिन्याभरात ओहायो स्टेटला निघाला. ओहायो स्टेटमध्ये जागा रिकामी होत होती, कारण ड्वेन हॅस्किन्स व्यावसायिक लीगकडे वळत होता. त्याच हॅस्किन्समुळे २०१८ मध्ये जो बरो ओहायो स्टेट सोडून लुइझियाना स्टेटला गेला होता. बरोची गोष्ट तर हर्ट्सच्या अगदी उलट आहे: ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षांत त्याला एकूण ३९ पास फेकायला मिळाले, २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या फेकण्याच्या हाताचे हाड मोडले आणि तेवढ्यात हॅस्किन्स पुढे सरकला. बरोनेही पदवी हाती घेऊनच विद्यापीठ सोडले. २०१९ च्या मोसमात त्याने ६० टचडाउन पास फेकले आणि ५,६७१ यार्ड मिळवले.

डिसेंबर २०१९ मध्ये हाइझमन करंडकाच्या समारंभाला न्यूयॉर्कमध्ये चार खेळाडू बोलावले होते. त्यांतील तिघे क्वार्टरबॅक होते: बरो, हर्ट्स आणि फील्ड्स. तिघेही बदली घेतलेले. बरो जिंकला, हर्ट्स दुसरा आला. दोन आठवड्यांनी उपांत्य लढतीत बरोच्या संघाने हर्ट्सच्या ओक्लाहोमाला ६३–२८ असे धुऊन काढले. बरोने त्यातील सात टचडाउन पास पहिल्या अर्ध्यातच फेकले होते. म्हणजे जागा हुकल्यावर थांबून गेलेला आणि न थांबता गेलेला एकाच मैदानावर समोरासमोर आले आणि न थांबलेला जिंकला, असेही कोणी म्हणू शकेल. मी म्हणणार नाही, कारण त्या दिवशी ओक्लाहोमाचा बचाव इतका दुबळा होता की दोष हर्ट्सकडे जात नाही.

---

खडूफळा

मी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष दुसरीकडे जाते. बरो आणि हर्ट्स, दोघांनीही आधी पदवी घेतली, हे वर ओझरते आले आहे, पण ते फार महत्त्वाचे आहे. तेव्हा विद्यापीठ बदलणाऱ्याला नव्या ठिकाणी एक वर्ष न खेळता काढावे लागे. पदवीधराला मात्र ती सक्ती नव्हती. हर्ट्स जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे शाळेचा शेवटचा अर्धा टप्पा आधीच आटोपून, अलाबामात दाखल झाला होता, म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये त्याची पदवी पूर्ण झाली. पुढे ओक्लाहोमातून त्याने पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि व्यावसायिक खेळाडू झाल्यावर, २०२३ मध्ये, ती पदवी पदरात पाडली.

आज दरवर्षी विद्यापीठ बदलणाऱ्या मुलांचे सगळे विषय आणि गुण नव्या ठिकाणी जसेच्या तसे धरले जात नाहीत. तीन विद्यापीठे पालथी घालून चौथ्या वर्षी पदवीपासून दूर राहिलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न पैशाच्या चर्चेत हरवतो. व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचणारे मूठभर असतात. बाकीच्यांच्या हाती शेवटी गुणपत्रिकाच उरते.

---

चौथा_डाव

आपल्या रणजी क्रिकेटमध्ये राज्य बदलायचे तर आधीच्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याकडे गेला तो तसाच. यशस्वी जैस्वालने २०२५ मध्ये गोव्यासाठी प्रमाणपत्र मागितले, मुंबईने दिले आणि मग त्याने स्वतःच मागे घेऊन मुंबईतच राहण्याचे ठरवले. अमेरिकेत असे काही आहे का, की मनात आले आणि निघाला?

---

ह्यूस्टनकर

चौथा_डाव, तुम्ही नेमके मर्मावर बोट ठेवले. २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत येथेही जवळजवळ ना हरकत प्रमाणपत्रच लागत असे. जुन्या विद्यापीठाच्या परवानगीवाचून नवे विद्यापीठ खेळाडूशी बोलू शकत नव्हते, आणि काही प्रशिक्षक तर अमुक-अमुक विद्यापीठे सोडून कोठेही जा, अशी यादीच हातात देत. मग पोर्टल आले: खेळाडूने आपले नाव नोंदवायला सांगायचे आणि विद्यापीठाने ते दोन दिवसांत नोंदवायचे. हर्ट्सची बदली त्या पोर्टलच्या पहिल्याच हिवाळ्यातील. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी वर्षभर थांबण्याची अट गेली, १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, न्यायालयाचा दणका बसल्यावर, अभ्यासात पात्र असलेल्याला कितीही वेळा बदली घेता येईल असे ठरले. २०२५ पासून तर विद्यापीठेच खेळाडूंना उत्पन्नातील वाटा देतात.

तर्कट यांना उत्तर. प्रशिक्षकांविषयी तुमचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो आणि विम्याचेही. हर्ट्सला विमा म्हणून ठेवले होते, हे त्यालाही कळत असणार. टुआचा घोटा हा योगायोग होता, हेही खरे. पण ते वर्ष फुकट गेले असते, हे मला पटत नाही. २०१७ मध्ये त्याचे ६०.४ टक्के पास पूर्ण होत होते. २०१८ मध्ये, थोड्या संधींमध्ये का होईना, ७२.९ टक्के झाले, आणि ओक्लाहोमात पूर्ण मोसमभर ते ६९.७ टक्के राहिले. नुसता धावणारा क्वार्टरबॅक अशी त्याची ओळख होती. फेकण्याची घडण बाकावरच्या वर्षात बदलली. त्यात त्याला स्थैर्य कधी मिळालेच नाही. आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षक २०१६ मध्ये लेन किफिन होता, त्या अंतिम लढतीपुरता स्टीव्ह सार्किसियन, मग ब्रायन डेबोल, मग माइक लॉक्सली, मग ओक्लाहोमात रायली. दरवर्षी नवी परिभाषा, त्याच चालीला नवे नाव.

विद्यापीठ निवडतानाही त्याने हे पाहिलेले दिसते. मेरीलँड आणि मायामी या दोन्ही ठिकाणी अलाबामातले त्याचे ओळखीचे प्रशिक्षक गेले होते. तेथे तो घरच्यासारखा राहिला असता. त्याने ती वाट सोडून रायली यांच्याकडे जाण्याचे ठरवले, कारण त्यांच्या हाताखाली बेकर मेफिल्ड आणि कायलर मरी या दोन क्वार्टरबॅकनी ओळीने दोन वर्षे हाइझमन जिंकला होता. ते दोघेही बदली घेऊन आलेले, आणि दोघांनीही ते सक्तीचे एक वर्ष न खेळता काढलेले. माझ्या मुद्द्याला त्यांचाही थोडा आधार मिळतो.

ओक्लाहोमातील पहिला सामना योगायोगाने ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध होता. आमच्या घरी चार-पाच कुटुंबे जमली होती, पोह्यांची परात मध्ये होती आणि ह्यूस्टनच्या बाजूने ओरडायचे की चॅनलव्ह्यूच्या मुलाच्या, यावर घरात तट पडले. त्याने ३३२ यार्ड फेकले, १७६ यार्ड धावला आणि सहा टचडाउन केले. तिसऱ्या सत्रापर्यंत तट मोडले होते.

---

तर्कट

टक्केवारी मान्य, पण २०१८ मध्ये तो बहुतेक वेळा सामना हातात आल्यावर, दमलेल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उतरत होता. त्या ७२.९ ला इतका भाव देऊ नये. ओक्लाहोमातील आकडा खरा, आणि तो रायली यांच्या हाताखालचा आहे, म्हणजे बदलीचा. मी माझ्या जागी ठाम आहे.

---

ह्यूस्टनकर

७२.९ विषयीची हरकत रास्त आहे. तो आकडा मी मागे घेतो. बाकी मतभेद राहू देऊ.

---

रानवाट

काल रात्री बसून चित्रफिती पाहिल्या. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम लढतीत, हर्ट्स फिलाडेल्फियाकडून खेळताना तिसऱ्या सत्रात ४६ यार्डांचा पास फेकतो आणि झेलणाऱ्याच्या पाठीवर स्मिथ असे नाव दिसते. हाच का तो, अटलांटातला?

---

ह्यूस्टनकर

तोच. जानेवारी २०१८ मध्ये टुआचा ४१ यार्डांचा पास झेलणारा डेव्होंटा स्मिथ २०२१ पासून फिलाडेल्फियात हर्ट्सचा सहकारी आहे. तुम्ही पाहिलेल्या पासनंतर धावफलक ३४–० झाला, सामना ४०–२२ असा सुटला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान हर्ट्सला मिळाला.

---

अश्विनी_डॅलस

आणि कोणी विचारण्याआधी सांगते: ब्लेक बार्नेट अलाबामा सोडल्यावर आधी कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात, मग ॲरिझोना स्टेटला आणि शेवटी दक्षिण फ्लोरिडाला गेला. तेथे २०१८ मध्ये त्याला क्वार्टरबॅकची जागा मिळाली.